वकील कोणता धरावा?

मागच्या जिल्हा बैठकीत दुपारची जेवणे चालली असता एका भावाने प्रश्न टाकला. त्यांच्या गावातल्या अकरा जणांनी मिळून डाळ मिल घातली आहे. जोडीला ज्वारी साफ करून प्रतवारी करण्याचे यंत्र बसवले आहे. बँकेचे कर्ज झाले आहे आणि आता एक व्यापारी वर्षभराच्या मालाचा करार करायला तयार आहे. "कराराला वकील लागतो म्हणतात. तर वकील कोणता धरावा?" पंगतीतून कोणीतरी म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." सगळे हसले, ताक वाढले गेले आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तेव्हा सीताशेती आणि माजघरशेतीच्या पुढे व्यापारशेती आणि निर्यातशेती ही दोन अंगे सांगितली. आपल्या माणसांनी आता कुठे व्यापारात पाय टाकला आहे. उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला आपण शिकलो, रस्त्यावर बसायला शिकलो, तुरुंगातही जाऊन आलो. पण समोरच्याने पुढे केलेला छापील कागद वाचायला मात्र शिकलो नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात आणि पुढे पुणे-नगरच्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. कागदात काय लिहिले आहे ते समजून घेण्याची वेळ टळून गेली होती. उरली होती ती काडी लावण्याची. आज कागद जाळून भागत नाही. त्याची नक्कल बँकेत असते, कंपनीत असते आणि संगणकात असते.

म्हण खोटी नाही. कोर्टाची पायरी टाळावीच. पण कोर्टाची पायरी वेगळी आणि वकिलाची पायरी वेगळी. कापूसवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात जे केले ते आपण डोळ्यांनी पाहिले. अळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही भारी औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. कामगंध सापळे लावायचे ते पाते-फुले लागतानाच. आपण वकिलाकडे जातो ते बोंड किडल्यावर, हातात समन्स घेऊन. मग तो बिचारा काय करणार? तारीख घेतो.

मला स्वतःला हे चिपळूणने शिकवले. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या माणसाला कोकणातल्या भरपावसाच्या गावाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण तिथे पाण्याने जे केले तेच इथे पाणी नसल्याने होते, आणि नंतरची कागदांची लढाई दोन्हीकडे सारखीच आहे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात ओळख झालेला माझा एक मित्र चिपळूणच्या बाजारात बी-खतांचे दुकान चालवतो. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारात शिरले. २००५ च्या जुलैतला पूर लोकांच्या लक्षात होता. त्या खुणेच्या वर माल रचला होता. यावेळी पाणी त्या खुणेलाही भीक न घालता वर गेले. पाणी ओसरल्यावर मी त्याच्याकडे गेलो तेव्हा दुकानात घोटाभर चिखल होता आणि खताच्या थप्पीच्या जागी रिकाम्या पिशव्यांचा ढीग. युरिया पाण्यात बुडाला की विरघळून जातो. भिजलेले कापड दाखवता येते, बंद पडलेला फ्रिज दाखवता येतो. वाहून गेलेला युरिया कोणाला दाखवणार? विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, जे दिसले ते त्याने मोजले आणि जे दिसले नाही ते कापले. विम्याची पॉलिसी बँकेच्या फायलीत होती. हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होत होता, पण मित्राने पॉलिसी कधी वाचलीच नव्हती. कृषी पदवीधर माणूस. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल बारकाईने वाचणारा. पॉलिसी मात्र न वाचलेली.

काही महिन्यांनी कंपनीचा कागद आला. नुकसानीच्या निम्म्याहून कमी रक्कम, आणि खाली ओळ: ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून मिळाली, पुढे काही मागणे नाही. सही करा आणि पैसे घ्या. दुकान पुन्हा उभे करायचे होते, बँकेचे व्याज थांबले नव्हते. तो वकिलाकडे गेला. नामांकित वकील. कचेरीत पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, बाहेर गाड्या. त्यांनी कागद हातात न घेताच सांगितले, "आत्ता सही करून पैसे घेऊन टाका. उरलेल्याचे मी बघतो. जे मिळेल त्यात वीस टक्के माझे."

सुदैवाने त्याने दोन दिवस कळ काढली आणि शेजारच्या किराणा दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका वयस्कर वकिलांकडे गेला. मीही बरोबर होतो. साधी खोली, भिंतीला ओल, टेबलावर फायली. त्यांनी आधी चष्मा पुसला आणि पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. अर्धा तास आम्ही गप्प बसलो. मग त्यांनी विचारले, "खत तुम्ही पॉस मशीनवर विकता ना?" अनुदानित खताची विक्री २०१८ पासून त्या यंत्रावर अंगठा घेऊन होते, कोणत्या दुकानात किती पोती शिल्लक आहेत याची नोंद सरकारी संगणकावर राहते. दुकान बुडाले, वह्या बुडाल्या, पण २१ जुलैचा साठा बुडाला नव्हता. हे आम्हा दोघा कृषीवाल्यांना सुचायला हवे होते. सुचले त्या वकिलांना, कारण त्यांना आमचा धंदा समजून घ्यायचा होता.

दुसरे त्यांनी सांगितले ते असे. या छापील कागदावर मुकाट्याने सही करू नका. आधी कंपनीला लेखी कळवा की रक्कम मान्य नाही, अमुक अमुक मालाची कपात चुकीची आहे, आणि पैसे घेतलेच तर हक्क राखून घेऊ. १९९९ साली अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या कापूस गिरणीचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. न्यायालय म्हणाले, नुसत्या पावतीवरच्या सहीने ग्राहकाचा हक्क दरवेळी संपत नाही. फसवणूक, दडपण किंवा दिशाभूल करून सही घेतली असेल तर दाद मागता येते. पण त्या खटल्यात सही दडपणाखाली झाली असे तक्रारदारांनी म्हटलेच नव्हते, आणि ते हरले. एक पत्र वेळेवर न लिहिल्याची किंमत ही अशी असते.

आणि तिसरी गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, "कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. एकट्याच्या मालकीचे दुकान आहे, तुम्हाला तिथे जाता येते. फी लागत नाही आणि तिथे वकील चालत नाही. म्हणजे तुम्हाला माझी गरज नाही. अर्ज कसा लिहायचा ते सांगतो." वाचनाचे पाचशे रुपये घेतले आणि पावती दिली.

मित्राला सगळी रक्कम मिळाली असे मी सांगणार नाही. पण विरघळलेल्या खताचा मोठा भाग अखेर मान्य झाला, आणि तो कोर्टाची पायरी न चढता. ज्याला पाचशे दिले तो वकील. ज्याला वीस टक्के द्यायचे होते तो काय, हे वाचकांनीच ठरवावे.

टक्केवारीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण आपल्याकडे ती सर्रास चालते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात तर गावेच्या गावे टक्क्यावर दिली गेली आहेत. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणे आणि वसुलीत वाटा घेणे वकिलाला मना आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने टक्क्यावर मागितलेली फी बेकायदा ठरवली. माझे काही मित्र म्हणतात, गरिबाच्या हातात आधी द्यायला पैसा नसतो, टक्का त्याला सोयीचा. यात तथ्य नाही असे नाही. पण टक्केवाला वकील तुमच्या मालाचा भागीदार होतो, आणि त्याला घाई असते. लाखाच्या दाव्यात पन्नास हजारांवर लवकर तडजोड झाली तर त्याचा वाटा कमी कष्टात सुटतो; तुमचे मात्र पन्नास हजार जातात. मी म्हणेन, फी आधी ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याची पावती घ्या. पावती मागितल्यावर चेहरा बदलणाऱ्या वकिलाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

याहून मोठा घोळ आपल्या तालुक्याच्या गावात असतो. चार वकील चांगले असतात. त्यातला एक बँकेचा, एक बाजार समितीचा, एक जिनिंगवाल्यांचा आणि चौथा पुढाऱ्याचा. माणूस सज्जन असेल, आपल्या जातीचा असेल, सोयराही असेल. पण ज्या बँकेशी तुमचा उद्या वाद होणार तिच्याच ताटात तो रोज जेवतो. पहिल्या भेटीत सरळ विचारा, "साहेब, अमुक बँकेचे, अमुक व्यापाऱ्याचे काम तुमच्याकडे आहे का?" विचारण्यात काही अपमान नाही. चांगला वकील स्वतःहून सांगतो. गरज पडली तर शेजारच्या तालुक्यातला वकील धरावा, एसटीचे भाडे परवडते.

वकिलाला जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून फलक पाहून किंवा मोबाईलवर नाव शोधून खरा माणूस सापडत नाही. विचारावे ते त्याच्या जुन्या पक्षकारांना, आणि जिंकलेल्यांना नव्हे तर हरलेल्यांना. हरल्यावरही जो म्हणतो की त्यांनी मला आधीच सांगितले होते, त्याचा वकील धरण्यासारखा. दुसरा उपाय फुकट आहे. कोर्ट सगळ्यांना खुले असते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा. पुकारा झाल्यावर कोण फाईल उघडून बोलतो, कोण धावत येऊन नुसती तारीख मागतो आणि कोण ज्युनियरला पाठवून देतो, ते दुपारपर्यंत कळते. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. वकील मात्र नुसत्या नावावर घेतो!

वकील म्हणजे लुटणाऱ्यांचा माणूस, अशी आपल्यात एक समजूत आहे. ती आली अनुभवातूनच. पण त्याच चिपळुणात १९२९ च्या एप्रिलमध्ये बॅरिस्टर आंबेडकर रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या परिषदेसाठी आले होते. कुळे खोतांच्या जाचाखाली पिचत होती. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. हेच बॅरिस्टर मुंबईत हिशेबनिसांच्या एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. कायदा कुळाच्या बाजूने वाचता येतो हे ज्याने दाखवले, त्याच्या राज्यात आपण कायदा समोरच्याला वाचायला सोडून देतो.

आता डाळ मिलवाल्या भावाकडे वळू. अकरा जणांची भागीदारी असेल तर पहिला प्रश्न नोंदणीचा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी न केलेल्या भागीदारीला व्यापाऱ्यावर करारातल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. व्यापाऱ्याला मात्र तुमच्यावर लावता येतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून कपाटात ठेवलेले भागीदारीपत्र अशा वेळी उपयोगाचे नाही. शेतकरी उत्पादक कंपनी काढली असेल तर रोग वेगळा. तिचे वार्षिक अहवाल वेळेत भरले नाहीत तर फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये विलंबशुल्क चढत जाते, आणि सलग तीन वर्षे हिशेब भरले नाहीत तर संचालक अपात्र ठरतात. २०१७ साली देशभरात लाखो संचालक असे अपात्र झाले. अनुदानाच्या आशेने घाईघाईत काढलेल्या आणि कुणा सल्लागाराने एकाच साच्यातून छापून दिलेल्या कंपन्या आपल्या जिल्ह्यात किती आहेत, ते बैठकीला येणाऱ्यांना माहीत आहे.

व्यापाऱ्याच्या करारात वकिलाला पहिल्यांदा शेवटचे पान वाचायला सांगा. भाव पहिल्या पानावर असतो, फास शेवटच्या पानावर. वाद झाल्यास कुठल्या शहरातल्या कोर्टात जायचे, लवाद कोणी नेमायचा, माल नापास कोणी ठरवायचा आणि ओलावा कुठल्या काट्यावर मोजायचा, हे सगळे तिथे बारीक अक्षरात असते. दिल्लीच्या कोर्टात भांडायचे असे मान्य करून बसलात, तर दोन लाखांच्या तुरीसाठी दिल्लीला कोण जाणार? ती ओळ सहीच्या आधी खोडता येते, नंतर नाही. वकिलाला फी द्यायची असेल तर या एका वाचनाची द्या. कोर्टातल्या दहा तारखांपेक्षा ती स्वस्त पडेल.

वकिलाची पारख करायची असेल तर एक प्रश्न विचारून पाहा. "व्यापाऱ्याचा चेक परत आला, बँकेची चिठ्ठी आज मिळाली. किती दिवस आहेत?" उत्तर ठरलेले आहे. चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. जो लगेच सांगतो आणि वर विचारतो, "चिठ्ठी जपून ठेवलीत ना? मालाची पावती आहे ना?", त्याच्याकडे बसा. "बघू, करू, काळजी करू नका" म्हणणाऱ्याकडे गेलेल्या किती जणांची मुदत निघून गेली, ते कापसाचे चेक घेणाऱ्यांनी आठवावे.

बियाण्याच्या तक्रारीत तर वकील नसला तरी चालतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा आहे म्हणून ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद होत नाही, आणि सगळे बी पेरून टाकले, तपासणीला नमुना ठेवला नाही, म्हणून त्याचा दावा जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र पिशवी, लेबल, लॉट नंबर आणि पक्के बिल हवे, आणि तालुका समितीचा पंचनामा पीक शेतात उभे असतानाच व्हायला हवा. ज्याने बिल घेतले नाही त्याला सर्वोच्च न्यायालयही वाचवू शकत नाही.

वकीलपत्रावर सही करताना तेही वाचा. बहुतेक छापील वकीलपत्रांत तडजोड करण्याचा आणि दावा मागे घेण्याचा अधिकार वकिलाला दिलेला असतो. तुम्हाला न विचारता तडजोड नको असेल तर ती ओळ खोडून सही करा. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नका, मग तो संघटनेचा कार्यकर्ता असो की मामा. मूळ कागद आपल्याकडे, झेरॉक्स वकिलाकडे. दावा दाखल झाला की त्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर मागून घ्या. मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो घातला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले, ते घरबसल्या दिसते. शिकलेल्या पोरीला हे काम द्या. आणि वकील बदलायचा झाला, तर फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे.

हे सगळे आधी पाहायचे, कारण नंतरचा रस्ता अरुंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही. बियाणे खोटे निघाले तर कंपनीला तिथे खेचता येईल. वकील खोटा निघाला तर नाही. त्याच्याविरुद्ध राज्याच्या बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण त्याने बुडालेली मुदत परत येत नाही. न्यायालयाची या निकालामागची कारणे मी वाचली. मला ती सगळीच पटली असे नाही, पण तो आज कायदा आहे.

ज्यांच्याकडे फीला पैसाच नाही, त्यांच्यासाठी एक कलम सांगतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकील कोणाला मिळेल त्यांची यादी आहे. तिच्यात स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, आणि पूर व दुष्काळ यांनी अडचणीत आलेले लोकही आहेत. चिपळूणचा दुकानदार त्यात बसतो आणि कोरडवाहू शेतकरीही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तिथे अर्ज मिळतो. ही भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. सातबारा जिच्या नावावर आहे किंवा गटाची जी सभासद आहे, तिने अर्ज केला तर उत्पन्नाची अट आड येत नाही. लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली, त्यांना हा एक जास्तीचा फायदा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपले भागीदारीपत्र किंवा कंपनीचे कागद, बँकेच्या फायलीतून मागून घेतलेली विम्याची पॉलिसी आणि व्यापाऱ्याशी झालेल्या कराराची झेरॉक्स बरोबर आणावी. दुपारचे सत्र भाषणाचे नाही, वाचनाचे ठेवले आहे. शेजारच्या तालुक्यातले दोन वकील येणार आहेत. आपल्या कोणत्याही बँकेचे किंवा बाजार समितीचे काम त्यांच्याकडे नाही, असे मी त्यांना विचारून घेतले आहे. त्यांची वाचनाची फी प्रत्येक गटाने स्वतः द्यायची आहे, बैठकीच्या वर्गणीतून नाही. आणि पावती मागून घ्यायची आहे. पॉलिसी द्यायला बँक टाळाटाळ करत असेल, तर लेखी अर्ज करून त्याची पोच आणली तरी चालेल.